आठ मतांचा फरक

३० नोव्हेंबर १८३० रोजी लंडनमधल्या सॉमरसेट हाउसमध्ये रॉयल सोसायटीची वार्षिक सभा भरली. संत अँड्र्यूच्या या दिवशी दर वर्षी अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळ निवडायचं, ही सोसायटीची जुनी प्रथा. एरवी ही निवडणूक नावापुरतीच असे. मावळता अध्यक्ष आणि त्याचे सहकारी नावांची यादी तयार करत आणि सभासद ती मान्य करत. त्या वर्षी मात्र अध्यक्षपदासाठी दोन नावं होती. एक होते ऑगस्टस फ्रेडरिक, ड्यूक ऑफ ससेक्स, म्हणजे राजे चौथे विल्यम यांचे सख्खे धाकटे भाऊ. दुसरे जॉन हर्शेल, त्या काळच्या इंग्लंडमधले बहुधा सर्वांत आदरणीय वैज्ञानिक. मतं मोजली गेली. ड्यूकना ११९ पडली, हर्शेलना १११.

आठ मतांचा फरक. पाच माणसांनी मन बदललं असतं तर निकाल उलटा लागला असता. विज्ञानाच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत ही हकिकत दोन-चार ओळींत संपते: राजपुत्राने शास्त्रज्ञाला हरवलं, इतकंच. पण वैज्ञानिक संस्थांचं नेतृत्व कुणाकडे जातं आणि का जातं, हे समजून घ्यायचं असेल तर या निवडणुकीइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. हर्शेल हरले याचं कारण ड्यूकच्या पदवीत जितकं होतं, त्याहून जास्त ते सोसायटीच्या सभासदयादीत होतं. हे ज्यांना उमगलं, त्यांनी पुढच्या सतरा वर्षांत संस्था बदलून टाकली.

हे अध्यक्षपद होतं तरी काय? सोसायटीची सुरुवात १६६० च्या नोव्हेंबरात ग्रेशम कॉलेजातल्या एका बैठकीपासून झाली. १६६२ मध्ये राजे दुसरे चार्ल्स यांनी तिला सनद दिली. सनदेनुसार कार्यकारी मंडळ एकवीस जणांचं. त्यातले दहा दर वर्षी बदलायचे आणि अध्यक्षही दर वर्षी निवडायचा. कागदावर ही लोकशाहीच होती. प्रत्यक्षात एकदा खुर्चीवर बसलेला माणूस मरेपर्यंत किंवा थकेपर्यंत उठत नसे. आयझॅक न्यूटन १७०३ मध्ये अध्यक्ष झाले ते १७२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत. त्यांच्यानंतर हॅन्स स्लोन आणि मार्टिन फोक्स यांच्यात खरी लढत झाली आणि स्लोन जिंकले. पण अशा लढती विरळाच. कॅप्टन कुकबरोबर जगप्रवास केलेले वनस्पतितज्ज्ञ जोसेफ बँक्स १७७८ मध्ये निवडून आले आणि १८२० मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून जास्त काळ, त्या पदावर राहिले. एखाद्या माणसाने तरुणपणी सोसायटीत प्रवेश केला आणि त्याचे केस पांढरे झाले, तरी अध्यक्ष तेच.

बँक्स यांच्याविषयी वाईट बोलायचा माझा हेतू नाही. त्यांनी अनेक मोहिमांना पैसा आणि पाठबळ मिळवून दिलं आणि सरकारदरबारी विज्ञानाचं नाव राखलं. पण त्यांच्या मनात सोसायटी म्हणजे सगळ्या विज्ञानाचं एकच घर होतं आणि त्या घराबाहेर कुणी वेगळी चूल मांडलेली त्यांना खपत नसे. १८२० च्या जानेवारीत हर्शेल, चार्ल्स बॅबेज आणि आणखी काही जणांनी खगोलशास्त्रासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. तिचं अध्यक्षपद ड्यूक ऑफ सॉमरसेट यांनी स्वीकारलंही होतं. बँक्स यांनी मैत्रीचा आग्रह धरला आणि ड्यूकनी राजीनामा दिला. शेवटी जॉन हर्शेल यांचे वडील, युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल, ऐंशीच्या घरात असताना या नव्या संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे तीच रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी झाली. या प्रसंगात तरुण मंडळींना एक गोष्ट कळून चुकली. जुनी संस्था आतून बदलायची की बाहेर नवी काढायची, हा प्रश्न टळणारा नव्हता.

बँक्स यांच्यानंतर रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही आले. वैज्ञानिक म्हणून ते थोरच, पण अध्यक्ष म्हणून त्यांना कुणालाच समाधानी ठेवता आलं नाही. १८२३ मध्ये त्यांचेच एके काळचे मदतनीस मायकेल फॅरडे यांचं नाव सभासदत्वासाठी पुढे आलं, तेव्हा खुद्द डेव्हींनी विरोध केला. फॅरडे निवडून आले. विरोधात पडलं फक्त एक मत. १८२७ मध्ये प्रकृतीमुळे डेव्ही पायउतार झाले आणि डेव्हीस गिल्बर्ट अध्यक्ष झाले. गिल्बर्ट कॉर्नवॉलचे जमीनदार आणि खासदार. गणिताची जाण असलेला आणि गुणी माणसं हेरणारा हा गृहस्थ. कोवळ्या वयातल्या डेव्हींना पुढे आणण्यातही त्यांचा हात होता. पण स्वतःचं मोठं वैज्ञानिक काम त्यांच्या नावावर नव्हतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता सभासदयादीकडे वळतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. १८३० च्या आसपास रॉयल सोसायटीचे साडेसहाशेहून जास्त सभासद होते. त्यात सरदार होते, धर्मगुरू होते, लष्करी अधिकारी, वकील आणि पैसेवाले हौशी लोक होते. डॉक्टरांची संख्या तर भरपूर. ज्यांनी सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकात एकदा तरी शोधनिबंध दिला होता, त्यांचं प्रमाण अगदी थोडं. सभासद होण्याची रीत अशी: तीन सभासदांच्या सह्यांचं शिफारसपत्र मिळवायचं, ते सोसायटीच्या दालनात दहा सभा होईपर्यंत टांगून ठेवायचं, मग मतदान. सरदारांना आणि राजाच्या सल्लागारांना तेवढीही वाट पाहावी लागत नसे. वार्षिक वर्गणी नको असेल तर पन्नास पौंड एकरकमी भरले की आयुष्यभराची सोय. नावापुढे ‘एफ. आर. एस.’ ही तीन अक्षरं लावता येत, आणि लंडनमध्ये वैद्यकी करणाऱ्याला त्या अक्षरांचा चांगलाच उपयोग होई. मतदानात कुणाला नाकारलं जाणं जवळजवळ अशक्य होतं.

महाराष्ट्रात ज्यांनी सहकारी साखर कारखान्याची किंवा बँकेची निवडणूक जवळून पाहिली आहे, त्यांना पुढचं सांगायलाच नको. मतदानाच्या दिवशी कोण काय बोललं, याने फारसं काही ठरत नाही. मागच्या दहा-वीस वर्षांत सभासद म्हणून कुणाची नावं नोंदवली गेली, याने ठरतं. रॉयल सोसायटीत शतकभर जी नावं नोंदवली गेली, त्यांनीच १८३० ची निवडणूक लढवली.

त्या वर्षीच्या वादाला तोंड फुटलं ते एका पुस्तकाने. चार्ल्स बॅबेज तेव्हा केंब्रिजमध्ये गणिताचे ल्युकेशियन प्राध्यापक होते आणि आपल्या गणकयंत्राच्या खटाटोपात बुडालेले होते. त्यांनी १८३० मध्ये इंग्लंडमधल्या विज्ञानाच्या ऱ्हासावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. पुस्तकाचं नाव व्यापक होतं, पण मारा मुख्यतः रॉयल सोसायटीवर. सभासदत्व कसं मिळतं, कार्यकारी मंडळ कसं भरलं जातं, पदकं कुणाला आणि कोणत्या नियमाने दिली जातात, इतिवृत्तात काय लिहिलं जातं आणि काय गाळलं जातं, हे सगळं त्यांनी नावानिशी मांडलं. त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ जेम्स साउथ यांनी अध्यक्ष आणि मंडळावर आरोपपत्रच छापलं. ऑगस्टस ग्रॅनव्हिल या डॉक्टरांनी सोसायटीचं अक्षरशः विच्छेदन करणारं पुस्तक काढलं आणि तिला धड आहे पण डोकं नाही, असा निष्कर्ष शीर्षकातच देऊन टाकला.

बॅबेज यांनी मांडलेली वस्तुस्थिती बहुतांशी बरोबर होती, असं मला वाटतं. पण मतदारांच्या मनाचा विचार केला तर या पुस्तकाने आपल्याच पक्षाचं नुकसान केलं. साडेसहाशेतल्या पाचशेंना तुम्ही इथे असायलाच नको होतात असं छापील सांगायचं आणि त्याच वर्षी त्यांच्याकडे मत मागायचं, हे जमणारं नव्हतं. सुधारणेचा मुद्दा आणि निवडणुकीचा मुद्दा एकाच वेळी एकाच माणसांपुढे ठेवला की ही अडचण येतेच. आजही कुठल्याही वैज्ञानिक संस्थेत तरुण गट पॅनेल उभं करतो तेव्हा हेच घडतं. संस्थेत काय चुकलं हे ठणकावून सांगावं लागतं, आणि ज्यांच्या हातून ते चुकलं त्यांचीच मतं हवी असतात.

गिल्बर्ट यांना पद सोडायचं होतं. आपल्यामागे कोण, याचा विचार करताना त्यांना ड्यूक ऑफ ससेक्स योग्य वाटले. मंडळाशी रीतसर चर्चा न करता त्यांनी मध्यस्थांमार्फत ड्यूकशी बोलणी केली. त्या उन्हाळ्यात चौथे जॉर्ज वारले होते आणि ड्यूकचे दुसरे भाऊ चौथे विल्यम गादीवर बसले होते. राजाचा भाऊ अध्यक्ष झाला तर सोसायटीला दरबारात थेट वाट मिळेल, हा हिशेब उघड होता. शरद ऋतूत ही बातमी फुटली आणि सभासद खवळले. त्यांचा राग दुहेरी होता. एक, अध्यक्षपद म्हणजे मावळत्या अध्यक्षाने खासगीत कुणाच्या हाती सोपवायची वस्तू नव्हे. दुसरा राग जास्त खोल होता. विज्ञानाच्या सर्वोच्च संस्थेच्या प्रमुखाला विज्ञान यायला हवं की नको?

ड्यूकविषयी न्यायाने लिहायला हवं. हा रिकामटेकडा राजपुत्र नव्हता. गटिंगेनमध्ये शिकलेला, केन्सिंग्टन राजवाड्यात पन्नास हजारांहून जास्त ग्रंथांचा संग्रह जमवलेला, हिब्रू जाणणारा माणूस. राजकारणात त्यांनी गुलामगिरीविरुद्ध भूमिका घेतली, कॅथलिक आणि ज्यू नागरिकांच्या हक्कांची बाजू घेतली, संसदेच्या सुधारणेला पाठिंबा दिला. घराण्याच्या मताविरुद्ध लग्न करून त्याची किंमतही मोजली. सोसायटी ऑफ आर्ट्सचे ते १८१६ पासून अध्यक्ष होते, म्हणजे सभा चालवण्याचा अनुभव होता. त्या काळच्या उदारमतवादी माणसाला ड्यूकना मत देण्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. नव्हतं ते एवढंच, की त्यांनी कधी कुठला प्रयोग केला नव्हता, कुठलं प्रमेय सिद्ध केलं नव्हतं, कुठला तारा मोजला नव्हता.

आणि समोर हर्शेल. तेव्हा वय अडतीस. वडिलांनी सुरू केलेली जुळ्या ताऱ्यांची आणि तेजोमेघांची निरीक्षणं ते पुढे नेत होते. रसायन, प्रकाशशास्त्र आणि गणित या तिन्ही क्षेत्रांत त्यांचं काम होतं. १८२४ ते १८२७ या काळात ते सोसायटीचे सचिव होते, त्यामुळे कारभार आतून पाहिलेला. विज्ञान कसं करावं यावरचं त्यांचं पुस्तक तेव्हा छापखान्याच्या वाटेवर होतं. काही महिन्यांनी केंब्रिजमधल्या चार्ल्स डार्विन नावाच्या विद्यार्थ्याने ते वाचलं आणि त्याच्या मनावर त्याची खोल छाप पडली. हर्शेल आणि ड्यूक यांच्या घराण्यांना जोडणारा एक धागाही होता. जॉन यांचे वडील विल्यम यांना युरेनसच्या शोधानंतर वर्षाला दोनशे पौंडांचं मानधन देऊन आकाशनिरीक्षणासाठी मोकळं केलं होतं ते राजे तिसरे जॉर्ज यांनी, म्हणजे ड्यूकच्या वडिलांनी. विल्यमनी नव्या ग्रहाला या राजाचंच नाव दिलं होतं. राजाश्रयाने विज्ञान वाढतं याचा जिवंत पुरावा हर्शेल यांच्या घरातच होता. पण आश्रय देणं वेगळं आणि प्रमुखपद घेणं वेगळं, ही रेघ आता जॉन हर्शेल यांच्या नावाने ओढली जाणार होती.

हर्शेल यांना मात्र हे पद मनापासून नको होतं. त्यांना दुर्बीण हवी होती, वेळ हवा होता. आदल्याच वर्षी त्यांचं लग्न झालं होतं. मित्रांनी गळ घातली. साठाहून अधिक सभासदांनी हर्शेल यांची विद्वत्ता आणि चारित्र्य पाहता तेच या पदाला सर्वथा पात्र आहेत, असं निवेदन सह्यांनिशी प्रसिद्ध केलं. त्या सह्यांत काम करणाऱ्या वैज्ञानिकांची नावं ठळक होती. शेवटी हर्शेल नाव राहू द्यायला तयार झाले, पण मतं मागायला नाही. विद्वानाने स्वतःसाठी दारोदार जाऊ नये, हा त्या काळचा संकेत होता आणि तो त्यांनी पाळला.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. पद न मागणारा माणूसच पदाला लायक, ही समजूत आपल्याकडेही खोल रुजलेली आहे. परिषदांच्या आणि संमेलनांच्या अध्यक्षनिवडीवरचे आपले वाद आठवावेत. या समजुतीत सौंदर्य आहे हे खरं, पण तिचा फायदा नेहमी प्रस्थापितांना होतो. ज्याच्या बाजूने प्रथा, पदवी आणि छापील यादी असते, त्याला मत मागावंच लागत नाही. ज्याला बदल घडवायचा आहे, त्याने मागितलंच नाही तर ते मिळणार कुठून? हर्शेल यांनी मौन राखलं ते सभ्यपणे. पण लंडनबाहेर राहणाऱ्या, सभेला यायचं की नाही या विचारात असलेल्या सभासदापर्यंत उमेदवाराचं एकही पत्र न पोहोचणं म्हणजे काय, हे आठ मतांच्या फरकाकडे पाहिलं की कळतं.

आणखी एक आकडा पाहावा. एकूण मतं पडली २३०. साडेसहाशेहून जास्त सभासदांपैकी बहुसंख्य आलेच नाहीत. वर्षानुवर्षं बिनविरोध निवड पाहायची सवय झालेल्या संस्थेत असंच होतं. सभेला जाण्याचा नेमच मोडलेला असतो. त्या परिस्थितीत १११ मतं मिळवणं हे माझ्या मते हर्शेल यांच्या पक्षाचं मोठं यश होतं. जन्माने मिळालेला मान आणि कामाने मिळालेला मान समोरासमोर उभे राहिले आणि जवळपास बरोबरीत सुटले, हे त्या पिढीच्या इंग्लंडमध्ये लहान नव्हतं.

निकालानंतर हरलेल्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बॅबेज १८३२ आणि १८३४ मध्ये फिन्सबरीतून संसदेसाठी उभे राहिले आणि दोन्ही वेळा हरले. डेव्हिड ब्रूस्टर, विल्यम व्हर्नन हारकोर्ट आणि इतरांनी १८३१ च्या सप्टेंबरात यॉर्क शहरात ब्रिटिश असोसिएशन ही नवी संस्था उभी केली. जर्मनीत वैज्ञानिकांचे वार्षिक मेळावे दर वर्षी वेगवेगळ्या गावी भरत. बॅबेज यांनी १८२८ मध्ये बर्लिनचा मेळावा पाहिला होता आणि त्याचं वर्णन इंग्लंडमध्ये छापलं होतं. तोच नमुना इथे घेतला गेला: एक गाव नाही, कायमची खुर्ची नाही, दर वर्षी नवा अध्यक्ष. हर्शेल १८३३ च्या नोव्हेंबरात दुर्बिणीसह जहाजात बसले आणि दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीत गेले. तिथे चार वर्षं दक्षिण गोलार्धाचं आकाश त्यांनी झाडून पुसून तपासलं. १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाज तिथे लागलं तेव्हा डार्विन त्यांना भेटायला गेले. निवडणूक जिंकली असती तर ती वर्षं सॉमरसेट हाउसमधल्या बैठकांत गेली असती. विज्ञानाचा हिशेब मांडला तर हा पराभव तोट्याचा ठरला असं मला म्हणवत नाही.

ड्यूकच्या कारकिर्दीबद्दल मात्र एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ती सांगितलीच पाहिजे. १८३१ च्या सुमारास केंब्रिजचे विल्यम व्हेवेल यांनी सुचवलं की सोसायटीकडे येणाऱ्या शोधनिबंधांवर जाणकार सभासदांकडून लेखी अहवाल घ्यावेत. फ्रान्सच्या अकादमीत अशी पद्धत होती. पहिला असा अहवाल पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीवरच्या जॉर्ज एअरी यांच्या निबंधावर लिहायचा होता. लिहिणारे दोघे, व्हेवेल आणि सोसायटीचे खजिनदार जॉन लबक. दोघांचं लगेच बिनसलं. व्हेवेल यांना निबंधाचं महत्त्व वाचकांपुढे मांडायचं होतं, लबक यांना गणितातल्या खोडी काढायच्या होत्या. कशीबशी तडजोड होऊन अहवाल १८३२ मध्ये छापला गेला, आणि ड्यूकनी वार्षिक भाषणात या नव्या प्रथेचं मनापासून स्वागत केलं. पुढे अहवाल छापणं बंद झालं, ते गोपनीय झाले, लिहिणाऱ्यांची नावं झाकली गेली. आज जगभर शोधनिबंध तज्ज्ञांच्या परीक्षणातून जातो, त्या पद्धतीच्या मुळाशी हे पाऊल आहे. म्हणजे विज्ञान न जाणणाऱ्या अध्यक्षाच्या काळात विज्ञानाच्या तपासणीची सर्वांत टिकाऊ रीत सुरू झाली. टीकेला उत्तर म्हणून मंडळाला काहीतरी करून दाखवणं भाग होतं; त्या १११ मतांचा धाक त्यामागे होता असं मी मानतो.

१८३८ मध्ये ड्यूकनी पद सोडलं. अध्यक्षाने आपल्या निवासस्थानी सभासदांचं आतिथ्य करायचं ही अपेक्षा, आणि तो खर्च त्यांना झेपेनासा झाला होता. त्याच वर्षी हर्शेल परतले होते. पण अध्यक्षपदाची इच्छा त्यांच्या मनात नव्हतीच. मग मार्क्विस ऑफ नॉर्थम्प्टन आले, म्हणजे पुन्हा एक उमराव. वरवर पाहता काहीच बदललं नव्हतं.

बदल घडला तो खुर्चीवर नाही, दारात. त्याचे मुख्य सूत्रधार विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह. वेल्समधल्या स्वान्सीचा हा माणूस पेशाने वकील होता आणि आवडीने भौतिकशास्त्रज्ञ. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज देणारी बॅटरी त्याने बनवली. आज ज्याला आपण फ्युएल सेल म्हणतो त्याची ती पूर्वज. वकिलाच्या नजरेने त्याने संस्थेकडे पाहिलं आणि नेमकं मर्म धरलं. अध्यक्ष कोण, यावर त्याने शक्ती घालवली नाही. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रवेशाचा नियम बदलून घेतला. १८४७ मध्ये नवे नियम आले. वर्षाला जास्तीत जास्त पंधरा नवे सभासद घ्यायचे. आलेल्या अर्जांतून मंडळाने कामाचा दर्जा पाहून पंधरा नावं सुचवायची आणि वर्षातून एकदाच मतदान घ्यायचं. राजघराण्यातल्या आणि उमराव मंडळींसाठी वेगळी वाट राहिली, पण मुख्य दरवाजा अरुंद झाला. सुधारकांनी त्याच वर्षी ‘फिलॉसॉफिकल क्लब’ काढला आणि सभासदसंख्या सत्तेचाळीसच ठेवली, त्या वर्षाची आठवण म्हणून.

या नियमाने कुणाला काढून टाकलं नाही. जुने सभासद आपापल्या आयुष्याच्या क्रमाने कमी होत गेले आणि त्यांच्या जागी येणारा जवळपास प्रत्येक जण काम करणारा होता. एका पिढीत मतदार बदलला. मग अध्यक्षही आपोआप बदलले. १८४८ चे अर्ल ऑफ रॉस उमराव होते, पण आयर्लंडमध्ये बहात्तर इंच व्यासाची राक्षसी दुर्बीण स्वतःच्या देखरेखीखाली त्यांनीच बांधली होती. त्यांच्यानंतरचे लॉर्ड रॉटस्ली हे खगोलशास्त्रज्ञ. १८५८ मध्ये शल्यवैद्य बेंजामिन ब्रॉडी. पुढे एअरी, हूकर, हक्सली, स्टोक्स. १८८३ मध्ये टॉमस हक्सली अध्यक्ष झाले. लहानपणी जेमतेम दोन वर्षं शाळा पाहिलेल्या शिक्षकाच्या मुलाचा अध्यक्षपदावर हक्क आहे की नाही, असा प्रश्न तेव्हा कुणाला विचारावासाही वाटला नाही.

ब्रॉडी यांच्या आधी हे पद फॅरडे यांना देऊ केलं गेलं होतं. लॉर्ड रॉटस्ली, ग्रोव्ह आणि जॉन गॅसियट मंडळाच्या वतीने त्यांच्याकडे गेले आणि पद घ्या म्हणून विनवलं. लोहाराच्या घरात जन्मलेला, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला हा माणूस देशाच्या विज्ञानाचा प्रमुख व्हावा, असा तो क्षण होता. फॅरडे यांनी एक दिवस मागितला आणि नाही म्हणाले. तरुण मित्र जॉन टिंडल यांना त्यांनी कारण सांगितलं: हा मान स्वीकारला तर आपली बुद्धी वर्षभरही शाबूत राहील याची खात्री देता येणार नाही. हर्शेल यांना जे नको होतं, तेच फॅरडे यांनाही नको होतं. ज्यांच्यासाठी दार उघडलं, त्यांच्यातल्या श्रेष्ठांना आत जाऊन खुर्चीवर बसायचं नसतं, हा वैज्ञानिक संस्थांचा जुना प्रश्न आजही सुटलेला नाही.

अरुंद दरवाजाची दुसरी बाजूही पाहायला हवी, आणि तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. १८४१ मध्ये, म्हणजे जुन्या सैल नियमांच्या काळात, मुंबईचे आर्देशीर कर्सेटजी वाडिया सोसायटीचे सभासद झाले. मुंबई गोदीतल्या प्रसिद्ध जहाजबांधणी घराण्यातले हे अभियंता. वाफेच्या यंत्रांचे जाणकार, माझगावच्या आपल्या घरी गॅसचे दिवे लावून दाखवणारे. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे श्रीनिवास रामानुजन, १९१८ मध्ये. मधली सत्याहत्तर वर्षं एकही भारतीय नाव नाही. याचा सगळा दोष १८४७ च्या नियमांना देता येत नाही. वसाहतीतली विद्यापीठं, प्रयोगशाळांचा अभाव, राज्यकर्त्यांचा दृष्टिकोन अशी कारणं त्यामागे आहेतच. पण गुणवत्तेची कसोटी लावणारे पंधरा जण निवडताना नजर कुठपर्यंत पोहोचवतात, हा प्रश्न नियमात लिहिलेला नसतो. २०१५ मध्ये चिदंबरमला जन्मलेले, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले वेंकटरमण रामकृष्णन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि पाच वर्षं राहिले. वाडियांच्या निवडीपासून तिथपर्यंत एकशे चौऱ्याहत्तर वर्षं लागली.

अध्यक्षपदासाठी १८३० सारखी उघड लढत आता होत नाही. मंडळ विचारविनिमय करून एक नाव पुढे ठेवतं आणि सभासद मतदान करतात. त्यामुळे कोण प्रमुख होणार, याचं उत्तर पूर्वीपेक्षाही जास्त प्रमाणात सभासदयादीत आणि मंडळात दडलेलं असतं. स्त्रियांच्या बाबतीत ते स्पष्ट दिसतं. १९०२ मध्ये विजेच्या ज्योतीवर मूलभूत काम केलेल्या हर्था एअर्टन यांचं नाव सभासदत्वासाठी आलं, तेव्हा कायदेतज्ज्ञांनी सल्ला दिला की विवाहित स्त्रीला सनदेनुसार सभासद होता येत नाही. चार वर्षांनी सोसायटीनेच त्यांना ह्यूज पदक दिलं, पण सभासदत्व दिलं नाही. कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन या पहिल्या दोन स्त्रिया आत आल्या त्या १९४५ मध्ये, सनद मिळाल्यानंतर २८३ वर्षांनी. अध्यक्षांच्या यादीत स्त्रीचं नाव अजून आलेलं नाही.